बारा लेबले आणि एक मण्यार

१

सोमवारी सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी परळच्या एका सर्पविष संस्थेत ‘मण्यार’ असे लेबल असलेली लाकडी पेटी उघडण्यात आली. पेटीची कडी बाहेरून नीट लागलेली होती. आत वाळलेले गवत होते, पाण्याची वाटी होती. मण्यार नव्हती.

पेटी उघडणारा धनेश हा तिथला तरुण कर्मचारी. त्याने चिमट्याने गवत बाजूला केले, पेटी फरशीवर पालथी केली, तिच्या तळावर थाप मारली आणि मग खोलीतल्या सगळ्यांना टेबलांवर चढायला सांगितले. खोलीत त्याच्यासह चार माणसे होती. पुढची दहा मिनिटे आपण टेबलावरच उभे होतो, असे चौघांनीही मला वेगवेगळे भेटून सांगितले. म्हणून ते खरे मानायला हरकत नाही.

मण्यार फूत्कार करत नाही. दिवसा ती अंधारात वेटोळे घालून पडून राहते, रात्री हिंडते. तिचा दंश बहुधा दुखत नाही आणि सूजही येत नाही. झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. काही तासांनी पापण्या जड होतात आणि उचलत नाहीत. मग गिळणे अवघड होते, आणि त्यानंतर श्वास. संस्थेत हे प्रत्येकाला पाठ होते. त्यामुळे सोमवारी दुपारपासून तिथे बोलताना प्रत्येक जण समोरच्याच्या पापण्यांकडे पाहत होता.

मी मंगळवारी सकाळी साडेनऊला तिथे पोचले. माझे नाव पद्मजा दाबके. तीस वर्षे मी बिनतारी संदेशवहन शिकवले आणि आता निवृत्त होऊन गिरगावात राहते. संस्थेचे संचालक हितेंद्र सामंत हे माझे विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी पेट्यांवर विजेची लेबले बसवताना त्यांनी माझा सल्ला घेतला होता, आणि मी तो दिला होता.

“मॅडम, साप शोधायला तुम्हाला नाही बोलावलं,” हितेंद्र म्हणाला. त्याने पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट घातले होते. वरून शर्ट इस्त्रीचा. “लेबल खोटं बोलू शकतं का, एवढंच सांगा.”

“लेबल बोलत नाही. त्याला सांगितलेलं दाखवतं.”

“मग दोनच शक्यता. मण्यार मोकळी आहे, नाहीतर ती पेटीत ठेवणाऱ्या आमच्या शिवाने नेली. मोकळी असेल तर मागच्या चाळीत एकशे चाळीस बिऱ्हाडं आहेत, निम्मी जमिनीवर झोपणारी. काल त्यांना सांगावं लागलं. रात्रभर दिवे चालू ठेवून लोक पलंगावर, ओट्यावर बसून होते. एका आजीला तर त्यांनी शिलाई मशीनवर झोपवलं.”

“आणि शिवाने नेली असेल तर?”

“बारा वाजता पोलीस येतायत. तक्रार लिहून तयार आहे. मण्यारीच्या विषाला गिऱ्हाईक असतं, मॅडम.” तो माझ्या डोळ्यांकडे पाहत होता. “तुम्ही नीट झोपलात ना?”

“मी गिरगावात झोपले, हितेंद्र. पापण्या वयाने उतरल्या आहेत.”

सर्पगृहाच्या फरशीवर रात्रभर पांढरी रांगोळी भुरभुरून ठेवली होती. तिच्यावर सापाची एकही रेघ उठलेली नव्हती. पण हितेंद्रला त्याने धीर आलेला दिसला नाही.

“म्हणजे ती आता या खोलीत नाही,” तो म्हणाला.

२

नव्याने आलेले साप पहिले काही दिवस वेगळे ठेवले जातात. त्यासाठी भिंतीलगत एक मांडणी होती, तिच्यात बारा पेट्यांची जागा. मी पाहिली तेव्हा आठ पेट्या होत्या आणि चार जागा मोकळ्या. प्रत्येक पेटीला तळहाताएवढे लेबल होते: करड्या पडद्यावर सापाची जात आणि आल्याची तारीख, दुसरे काही नाही. शेजारी खुंटीवर चिमटे आणि आकड्या टांगलेल्या. एका आकडीच्या मुठीवर वाळलेले कुंकू होते.

शिवा घाडी बाहेर बाकावर बसला होता. अठरा वर्षांची नोकरी; सोमवारपासून त्याला सर्पगृहात पाऊल टाकायची बंदी होती.

“मण्यार कोणत्या पेटीत ठेवलीत?” मी विचारले.

“रिकाम्या.”

“कोणत्या रिकाम्या?”

“खालच्या ओळीत, भिंतीकडून दुसरी. पण ते आता काय कामाचं नाय, बाई. शनिवारी मांडणी फिनेलने धुतात. पेट्या सगळ्या खाली उतरल्या, परत चढल्या. कुठली कुठे गेली कोण सांगणार? आधी खडूने नंबर घालायचो, जागा ठरलेली असायची. लेबलं आली नि ते सगळं सुटलं. लेबल वाचायचं, पेटी उघडायची.”

“नोंद कशी केलीत?”

“शुक्रवारी चारला मोबाइलने लेबलाचा बारकोड मारला. ‘मण्यार’ म्हणून टाकलं. कडी लावली नि निघालो.”

“लेबलावर नाव उमटलेलं पाहिलंत?”

“त्याला वीस मिनिटं लागतात, बाई. वीस मिनिटं पेटीसमोर काय आरती म्हणत उभा राहू?”

मी वहीत उत्तर लिहिले. वीस मिनिटे हा आकडा माझा होता. बिनतारी लेबलाची बॅटरी पडद्याने संपत नाही. पडदा फक्त बदलताना वीज खातो. बॅटरी संपते ती ऐकण्याने. सुरुवातीला ही लेबले दर पंधरा सेकंदांनी जागी होऊन छतावरच्या केंद्राचा संदेश ऐकत आणि त्यांच्या बॅटऱ्या आठ महिन्यांत संपत. दर वीस मिनिटांनी ऐकावे, असे मी सुचवले. बॅटऱ्या पाच वर्षे पुरतील, असा हिशेब होता.

“काल रात्री बायकोने विचारलं,” शिवा अचानक म्हणाला. “सुभद्राने. ‘खरं सांगा, विकलात का?’ हितेंद्रसायबांनी विचारलं ते ठीक आहे. पण घरातलं माणूस विचारतं, बाई.”

मग मी आत येऊन धनेशला बोलावले. तो आला, पण बसला नाही. खुर्चीखाली वाकून पाहिले आणि उभाच राहिला.

“मॅडम, मी ते लेबल बदलताना पाहिलंय,” तो म्हणाला. “शुक्रवारी, चार एकोणीसला. घड्याळ समोरच आहे. मी एकटा होतो इथे. रिकाम्या पेटीचं लेबल काळं झालं, पांढरं झालं, परत काळं. मग ‘मण्यार’. जवळ कोणी नाही, काही नाही. आईशप्पथ, काटा आला अंगावर.”

“पडदा बदलताना तसंच होतं. तुम्ही रोज पाहता.”

“रोज पाहतो. पण शिवादादाने ती पेटी उघडलीच नव्हती.”

“कशावरून?”

“तिच्या कडीवर माझा रुमाल वाळत होता. जेवण झाल्यापासून. मी घातला तसाच, घडीसकट.” त्याने आवाज खाली आणला. “म्हणजे दादाने मण्यार ठेवलीच नाही. नुसतं नाव टाकलं.”

“हे कालपर्यंत का सांगितलं नाही?”

“साप कसा धरायचा ते त्यानेच शिकवलं मला. त्याचं नाव कसं घेऊ?”

दाराबाहेर शिवा बसला होता. दार अर्धे उघडे होते. त्याने सगळे ऐकले होते.

“रुमाल?” तो आत न येता म्हणाला. “माझ्या पेटीवर रुमाल-बिमाल काय नव्हता रे, धन्या.”

३

दोघांची विधाने एकमेकांना छेद देत होती. अशा वेळी एक जण खोटे बोलतो आहे, असे धरण्याची पद्धत आहे. मी आधी दोघेही खरे बोलत आहेत असे धरून पाहते. बहुधा त्याने वेळ वाचतो. दोघेही खरे असतील, तर शिवाने एका पेटीत साप ठेवला आणि नाव दुसऱ्याच पेटीवर उमटले.

लेबलांची व्यवस्था आकांक्षा बोरकर पाहत होती. ती खुर्चीवर मांडी घालून बसली होती, आणि ते संगणकासमोर बसण्याच्या सवयीने नव्हते.

“पाय खाली ठेववत नाहीत, मॅडम,” ती म्हणाली. “सकाळी बुटात हात घालून बघितला आणि मग वाटलं, हात का घातला?”

“शुक्रवारची नोंद दाखव.”

नोंद स्वच्छ होती. चार वाजता शिवाच्या मोबाइलवरून सात क्रमांकाचे लेबल वाचले गेले. ‘मण्यार’ हा मजकूर केंद्राने रांगेत ठेवला. चार वाजून एकोणीस मिनिटांनी सात क्रमांकाचे लेबल जागे झाले, त्याने मजकूर घेतला, पडदा बदलला आणि पोच दिली.

“म्हणजे संदेश चुकलेला नाही,” आकांक्षा म्हणाली. “मी सामंत सरांना कालच सांगितलं. सिस्टीम क्लीन आहे. माझ्यावर येऊ नये म्हणून नाही सांगत हं.”

“थोडं त्यासाठीही सांगतेस.”

“थोडं,” ती म्हणाली.

“मागच्या पंधरा दिवसांत या मांडणीत काही बिघाड?”

“नाही. म्हणजे, नवमीला एकदा झाला होता. अख्ख्या मांडणीचा सिग्नल गेला. आपोआप परत आला, मग मी ती तक्रार बंद करून टाकली.”

नवमी म्हणजे आधीच्या आठवड्यातला बुधवार, दसऱ्याचा आदला दिवस. मी ती नोंद उघडायला सांगितली. सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान मांडणीतल्या बाराही लेबलांच्या, केंद्राला दर वीस मिनिटांनी द्यायच्या, दोन-दोन हजेऱ्या चुकल्या होत्या. खोलीतल्या बाकीच्या मांडण्यांची एकही चुकली नव्हती. नऊ अठ्ठावन्नला एक लेबल परत आले. मग दुसरे. मग तिसरे. दोहोंमधले अंतर पंचवीस सेकंद, तीस सेकंद, अठ्ठावीस सेकंद.

“सिग्नल परत आला, की लेबलं कशी परत येतात?” मी विचारले.

“ज्याची जी ठरलेली वेळ असेल, त्या वेळेला. विखरून. वीस मिनिटांत कधीही.”

“आणि ही?”

तिने पडद्याकडे नीट पाहिले. “ही ओळीने आली आहेत.”

“अर्धं मिनिट हा या यंत्रणेतला आकडा नाही, आकांक्षा. तो हाताचा आकडा आहे. बॅटरी घातली की लेबल लगेच हजेरी देतं. कोणीतरी बसून एकेक बॅटरी घातली.”

“पण मग बॅटऱ्या काढल्या तेव्हा कोणाला कसं कळलं नाही?” तिने विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले. “पडदे तसेच राहिले.”

बरोबर होते. या पडद्याला दिसण्यासाठी वीज लागत नाही. बॅटरी काढून घेतली तरी शेवटचा मजकूर त्याच्यावर महिनोन् महिने राहतो. बाराही लेबले पाऊण तास मेलेली होती आणि कोणालाही ती जिवंतच दिसत होती.

आकांक्षाने मांडी आणखी आवळून घेतली.

४

साडेदहा वाजले होते. मी परत सर्पगृहात गेले आणि धनेशला सोमवारची ती पेटी खाली घ्यायला सांगितली. तिच्यावर अजून ‘मण्यार’ लिहिलेले होते. तिला हात लावायला तो तयार नव्हता.

“रिकामी आहे ना?”

“काल होती,” तो म्हणाला.

शेवटी आकांक्षाने आकडीने पेटीचे झाकण उघडले. रिकामीच होती. मी लेबल पेटीवरून काढून उजेडात धरले.

लेबलाचे दोन भाग असतात. पुढच्या भागात पडदा आणि सगळे विद्युतमंडल. लेबलाचा खरा क्रमांक त्या मंडलात कोरलेला, डोळ्यांना न दिसणारा. मागचा भाग म्हणजे बॅटरीवरचे प्लास्टिकचे झाकण. त्याची खालची कड पडद्याखाली बोटभर बाहेर येते आणि बारकोडाचे स्टिकर त्या कडेवर असते. बारकोडाखाली बारीक अक्षरात क्रमांक.

“आकांक्षा, मण्यारीची नोंद कोणत्या क्रमांकावर आहे?”

“सात.”

“आणि पडदा बदलून पोच दिली ती?”

“सातनेच.”

“मग याच्या झाकणावर अकरा का आहे?”

तिने लेबल हातात घेतले. पुन्हा पाहिले. दोन वर्षांत तो क्रमांक कोणी वाचला नसावा. वाचायचे ते पडद्यावर होते.

मी नखाने झाकण उघडले. नाण्याएवढ्या बॅटरीच्या कडेला, खाचेत, पिवळी पूड चिकटलेली होती. मी ती बोटावर घेऊन पाहिली. हळद होती.

तेव्हा गोष्ट एवढी होती: मंडल सातचे, झाकण अकराचे. म्हणजे सातचे झाकण दुसऱ्या कोणत्यातरी लेबलावर होते. शिवाने त्या झाकणावरचा बारकोड वाचला. केंद्राने मजकूर सातच्या मंडलाकडे पाठवला. ते मंडल रुमालाच्या पेटीवर होते. रुमाल हलला नाही. शिवाने पेटीत साप ठेवला. दोघेही खरे बोलले होते.

“झाकणावर सात असलेलं लेबल शोधा,” मी म्हणाले. “ते ज्या पेटीवर असेल, त्या पेटीत मण्यार आहे. आणि त्या पेटीच्या पडद्यावर ‘रिकामी’ असं लिहिलेलं असेल.”

“रिकामी?” धनेश म्हणाला. “रिकाम्या आम्ही बघितल्याच नाहीत. कडी बाहेरून लागलेल्या पेटीत पळालेला साप कसा शिरेल?”

“शिरणार नाही. पळालेलाच नाही तो.”

आकांक्षा मांडणीवरच्या उरलेल्या सात पेट्यांच्या लेबलांच्या झाकणांवरून मोबाइलचा उजेड फिरवत होती. “तीन. नऊ. एक. बारा. चार. दहा. दोन.” ती थांबली. “सात नाही.”

मी मांडणीतल्या चार मोकळ्या जागांकडे पाहिले. सकाळी मी त्या मोजल्या होत्या आणि कशासाठी मोकळ्या आहेत हे विचारले नव्हते.

“रिकाम्या पेट्या कुठे आहेत?”

धनेशचा चेहरा उतरला. “आज मंगळवार आहे,” तो म्हणाला. “मंगळवारी नाना धुवायला नेतात. गवत काढून.”

“कशाने काढतात?”

“हाताने. रिकाम्याच असतात ना.”

५

नाना म्हणजे भिवा मेस्त्री, वय सहासष्ट. तरुणपणी लालबागच्या गिरणीत साचाखात्यात होते, म्हणजे मागावर. संपानंतर गिरणी सुटली. संस्थेत तीस वर्षे पेट्या धुणे, गवत बदलणे, साप आणि आकड्या यांची निगा राखणे हे काम. मागच्या अंगणात हौदाशी ते उकिडवे बसले होते. दोन पेट्या धुऊन उन्हात कलंडल्या होत्या. तिसरीचे गवत शेजारी पडले होते आणि चौथी त्यांच्या गुडघ्यांमध्ये होती. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत तिच्या आत होता.

मी ओरडणार होते. शिवाने माझ्या दंडाला धरून मागे सारले. तो बाकावरून केव्हा उठला, हे मला कळले नाही. त्याच्या हातात कुंकू लागलेली आकडी होती.

“नाना,” तो अगदी हळू, जेवायला बोलवावे तसा म्हणाला, “हात हालवू नको. तसोच ठेव.”

“काय झाला रे?”

“काय नाय. तसोच ठेव. गवत किती काढलंस?”

“तीन मुठी. अजून आसा खाली.” नानांनी आमच्याकडे पाहिले, आमच्या मागच्या धनेशकडे पाहिले, मग पेटीकडे. “शिवा. खाली गार लागता रे काय तरी. वाटी आसा ना?”

“वाटीच आसा,” शिवा म्हणाला.

पाण्याची वाटी पेटीबाहेर, त्यांच्या पायाशी ठेवलेली होती. ती मला दिसत होती. त्यांनाही दिसली असावी, कारण त्यांनी डोळे मिटले.

शिवाने पेटीच्या फटीतून आकडी आत सरकवली. सेकंद मी मोजले, कारण मला दुसरे काही करता येत नव्हते. एकोणीस सेकंदांनी तो म्हणाला, “आता वर. सावकाश. फुलं उचलतोस तसो.” हात वर आला. त्याच्या मागोमाग आकडीवर काळेभोर, चकचकीत वेटोळे आले. त्याच्यावर पांढऱ्या बारीक जोडपट्ट्या. उजेड लागताच तिने डोके वेटोळ्याखाली लपवले.

पेटीच्या लेबलावर ‘रिकामी’ लिहिलेले होते. झाकणाच्या कडेवर सात.

मण्यार पिशवीत गेल्यावर शिवा नानांपुढे बसला आणि त्यांचा हात उलटसुलट करून बोट-बोट पाहू लागला. गवताने खरचटलेल्या पंधरा-वीस रेघा होत्या. त्यांत दोन बारीक ठिपके असते, तर ते कसे ओळखायचे?

“दुखतंय कुठे?” मी विचारले.

“नाय, बाई.” नाना माझ्याकडे पाहत होते. तीस वर्षे तिथे काढलेल्या माणसाला त्या उत्तराचा अर्थ सांगावा लागत नव्हता. “दुखत नाय. ताच तर.”

६

नानांना जवळच्या रुग्णालयात चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवले. डॉक्टर म्हणाले, दंशाची खूण निश्चित दिसत नाही. नाही असेही म्हणता येत नाही. लक्षण दिसले तर औषध तयार आहे. लक्षण पापण्यांत दिसणार होते. बारा वाजता हितेंद्रने पोलिसांना मण्यार सापडल्याचे सांगितले आणि तक्रार दिली नाही. सुभद्रा डबा घेऊन आली. शिवाने डबा घेतला, तिच्याशी बोलला मात्र नाही. ती व्हरांड्यात उभी राहिली.

मी दुपारभर नानांसमोर बसले आणि दर पाच मिनिटांनी त्यांना वर पाहायला सांगितले. मधल्या वेळात मी नवमीबद्दल विचारले.

“नाना, नवमीला लेबलांच्या बॅटऱ्या तुम्ही काढल्यात?”

“होय तर,” ते म्हणाले. त्यात लपवण्यासारखे काही आहे, असे त्यांना वाटले नव्हते. “खंडेनवमी ना ती. गिरणीत त्या दिवशी साचो बंद. पट्टो उतरवायचो, साचो पुसायचो, हळद-कुंकू, नारळ. वर्षभर राबता तो, एक दिवस इसावो नको? हय आकड्ये पुजतंय, चिमटे पुजतंय. गेल्या वर्षी मनात इला, ही लेबलां पण राबतत. दिवसरात जागी. तेंका कोण इसावो देता? औंदा दिलंय.”

“कसा दिलात?”

“बारा काढलंय, उघडलंय. पुढचे भाग लाल फडक्यार मांडलंय. झाकणां धुळीची होती, ती वायली, दुसऱ्या बादलीत घालून धुतलंय, पुसलंय. पूजा झाली, मगे एकेक सेल घालून झाकणा लावलंय.”

“कोणतं झाकण कोणत्या लेबलाचं, हे कसं ओळखलंत?”

“वळखूचा कशाक? झाकणां सगळी सारकी. माझ्याकडे चार साचे होते, बाई. चारांचे धोटे एका पेटीत. खयचोय धोटो खयच्याय साच्यार चालायचो. नाय चाललो तर तो धोटो कसलो?” मग त्यांच्या लक्षात काहीतरी येऊ लागले. “चुकला काय माझा?”

“वर पाहा,” मी म्हणाले. पापण्या वर गेल्या, सारख्या.

“माझ्या पूजेमुळे झाला, बाई?”

“पूजेमुळे नाही.” मी त्यांना खरे तेच सांगितले. “झाकणांमुळे. आणि माझ्या वीस मिनिटांमुळे.”

संध्याकाळी त्यांना गिळताना त्रास होतो आहे असे वाटले. डॉक्टरांनी पाणी पाजून पाहिले. घसा भीतीने कोरडा पडला होता. त्यानंतर नानांनी डोळे मिटायचे नाकारले. ते उघडतील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. शिवा रात्रभर त्यांच्याशी बोलत बसला. बुधवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी दंश झालेला नाही असे लिहून दिले. नानांनी चहा मागितला आणि कपावरून आमच्याकडे पाहिले. पापण्या सारख्या होत्या.

मी संस्थेला दिलेला अहवाल पुढीलप्रमाणे:

‘नवमीच्या सकाळी बारा लेबलांच्या बॅटऱ्या काढून परत घालताना त्यांची झाकणे अदलाबदल झाली. लेबलाचा क्रमांक मंडलात असतो आणि बारकोड झाकणावर. झाकण बदलले की वाचलेला क्रमांक आणि प्रत्यक्ष लेबल यांचा संबंध तुटतो. साप असलेल्या पेट्यांची लेबले पडद्यावरच्या नावांवरून योग्य जागी लागली, त्यामुळे चूक दिसली नाही. पडद्याला वीज लागत नसल्याने बॅटऱ्या काढलेल्याही कोणाला दिसल्या नाहीत. शुक्रवारी शिवा घाडी यांनी मण्यार एका रिकाम्या पेटीत ठेवून तिच्या झाकणावरचा बारकोड नियमाप्रमाणे वाचला. संदेश बिनचूक गेला, परंतु दुसऱ्या रिकाम्या पेटीवर उमटला. मण्यार कधीही सुटली नव्हती आणि कोणी ती नेलीही नव्हती. नोंदीतली पोच फक्त एवढेच सांगते की लेबलाने संदेश ऐकला. ते लेबल कोणत्या पेटीवर आहे, हे ती सांगत नाही.

बिघाडाची तक्रार कारण न शोधता बंद करण्यात आली. झाकणावरचा क्रमांक मंडलावरही छापलेला असता, तर झाकणे चुकली नसती. पेटीवर खडूने लिहिण्याची पद्धत बंद करायला नको होती. ती परत सुरू करावी.

लेबलांनी दर पंधरा सेकंदांऐवजी दर वीस मिनिटांनी ऐकावे, ही सूचना माझी होती. ती मी बॅटरीच्या आयुष्याचा हिशेब करून दिली. पेटीसमोर उभा असलेला माणूस किती वेळ थांबू शकतो, हे मी विचारले नाही. पंधरा सेकंद शिवा घाडी थांबले असते, आणि पेटीवर नाव आले नाही हे त्यांना तिथेच दिसले असते.’